पाचपैकी किती?

सरकार आता आपल्यालाच त्याच्या कामाला गुण द्यायला सांगतं, हे चांगलं झालं म्हणता? मग माझं ऐका.

वडील गेल्यावर जमिनीला आईचं नाव लावायचं होतं. तलाठ्यांकडे सात हेलपाटे घातले, सगळ्या तारखा वहीत आहेत. शेवटी ऑनलाइन तक्रार केली. आठव्या खेपेला तलाठ्यांनी अर्ज पुढ्यात ओढून सहीसाठी पेन उघडलं, तोच माझा फोन वाजला. त्याचा आवाज खोलीभर जातो.

"जिल्ह्याच्या ऑफिसातून बोलतेय. तुमच्या तलाठ्यांच्या कामाला पाचपैकी किती गुण द्याल?"

पेन कागदावरच थांबलं. वहीप्रमाणे एकही गुण बसत नव्हता.

"पाच," मी म्हणालो.

"काही तक्रार?"

"न्हाई बाई, लई चांगले हायेत."

सही झाली. मी कागद घेऊन घाईघाईने खिशात कोंबला. तलाठी हळूच म्हणाले, "अण्णा, एवढं काय घाबरता? परवा मलाबी असाच फोन आला हुता, तहसीलदारसाहेबांच्या कामाबद्दल. साहेब समोरच बसले हुते."

"मग?"

"मग काय, पाच!"