टाकीचा नारळ

चहा येतोय तवर सांगतो, पर नुसतं आठवलं तरी खांदा दुखतोय.

कोयनेच्या पाण्यावर मी चुलत्याची, म्हंजी तात्यांची लाँच चालवतो. डिझेलच्या टाकीत तळाला पाणी आन् काळा गाळ साचलेला. दोन दिवस खांद्यापतोर हात घालून फडक्यानं पुसली. डिझेल गाळून भरलं.

तिसऱ्या दिवशी वऱ्हाड घिऊन निघालो, तर मधोमध इंजिन बंद. नवरा मुंडावळ्यांतनं माझ्याकडंच बघतोय. फिल्टर खोलला, आत पाणी! फळ्यांनी वल्हवत जिथनं निघालो त्याच काठाला परत लागलो. मुहूर्त गेला.

काठावर तात्या उभं. म्हटलं, "तात्या, टाकीचं झाकण कुणी उघडलं व्हतं?"

"म्या. सकाळी लाँचची पूजा किली, नारळ फोडला."

"आन् पाणी कुठं वतलं?"

"टाकीतच. एवढी पुसल्याली, तिला मान नगं?"

पुन्यांदा दोन दिवस टाकीत हात. काम सरलं तर तात्या नवा नारळ घिऊन हजर! मी तो हिसकला, फोडला आन् पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

"आरं, देवाचं हाय ते!"

म्हटलं, "असंल तात्या. पर टाकी पुसायला देव येत न्हाई."