बिनबैलाची भाकर

हॅलो?… हॅलो?… व्हय, जालना. जुन्या जालन्याची कापसाची जिन… कोण, बद्री?… अरे मी कडूबा मामा बोलून राह्यलो… जरा मोठ्यानं बोल बाबा, हैदराबाद काय शेजारच्या आळीत हाय का… व्हय, मुनीमजी बसलेत इथंच, त्यायनीच बोलावलं मला फोनवर… व्हय, तार मीच केल्ती. परवा.

माय?… सांगतो. सांगतो ना, आधी माहं एक ऐक… न्हाई, आधी हेच ऐक. तुही माय तुह्यावर कधीच रुसली न्हाई.

मला ठावं हाय रे. दिवाळीला नव्या ज्वारीची भाकर तू तिच्या म्होरं ठेवली, अन् तिनं ताट सरकावलं. तू म्हणला मायला माह्या हातचं नको झालं, अन् निघून गेला तिकडं गिरणीत… व्हय, वरीस उलटून गेलं… ऐक तर. तुह्या हातचं नको नव्हतं तिला. बैलाच्या कष्टाचं नको व्हतं.

ऋषीपंचमीला बाया धरतात न्हाई का, बैलानं पिकवलेलं खायचं न्हाई, रानातलं अन् परसातलं तेवढंच? तशी तुह्या मायनं रोजचीच पंचमी धरली… कशापायी काय. लाख्यापायी.

त्या दिवाळीच्या आधी, पोळ्याच्या दिवशी तिला ताप चढला, तू गाडी जुपली अन् जालन्याच्या दवाखान्यात आणली. वरीसभर राबणाऱ्या बैलाचा तो एकच सण. येताना नदीच्या गाळात लाख्या बसला तो उठलाच न्हाई… अरे, बिलकुल बराबर केलं तू. माय वाचली ना… पण ती म्हणली, कडूबा, माह्यापायी त्याच्या सणाच्या दिवशी त्याचा जीव गेला, आता त्याच्या जातीच्या कष्टाचं माह्या नरड्याखाली उतरत न्हाई.

तुला का न्हाई बोलली?… गाडी कुणी जुपली व्हती, बद्री? तुला सांगितलं असतं तर तू म्हणला असता, बैल म्याच मारला. म्हून गप राह्यली. मला बी परवाच बोलली, तापात.

काय खायची?… रान खायची रे. आषाढात तरोट्याची पालेभाजी. त्यात तेल न्हाई, घाण्याला बैल असतो म्हून. मंग मिठाचं इचारलं म्या. तर म्हणे, मीठ निजामाच्या रेल्वेनं येतं, ते चालतं. ठेसनापासून गावापोत्तर गाडीबैलानंच येतं, हे म्या काही बोललो न्हाई… हां, भादव्यात बांधावरचे कटुर्ले. परसातली अंबाडी, छपरावरला भोपळा. थंडीत बोरं उकडायची. चैतात चिंचेचा कोवळा पाला खुडून आणायची, मिरची टाकून कोरडाच परतायची. तुही मामी ताट झाकून घेऊन जायची, तर मामीलाच भाजी देऊन वापस पाठवायची… व्हय. वाळली व्हती. लई वाळली व्हती.

न्हाई, तिच्यासाठी बिनबैलाचा विलायती गहू नको आणू. काहीच नको आणू… ऐक ना लेकरा. कुदळीनं चार हात जागा खणून तू ज्वारी लावली असती, तरी खाल्ली असती तिनं तुह्या हातची भाकर… अरे दोष न्हाई देऊन राह्यलो, तुला ठावंच नव्हतं. तिनंच खणली ती जागा, गेल्या मिरगाला. ज्वारी हातानं टोकली. पाखरं हाकलली. खळं न्हाई केलं, खळ्यात बैल फिरतात म्हून. कणसं काठीनं बडवली. मडकंभर दाणे झाले. अन् त्यातला एक तोंडात घातला न्हाई तिनं. बद्री आल्यावर दोघं बसून खाऊ, म्हणली.

…थांबा मुनीमजी, जरा थांबा… हॅलो, हाय मी, हाय.

मंग परवा तार केली अन् जाऊन सांगितलं तिला, आता येतंय तुहं पोरगं. अंग नुसतं तव्यावानी व्हतं. पण आज पहाटं मामीला तुमच्या घरातून जात्याची घरघर ऐकू आली. मामी म्हणली, झुंबरबाईला आज बरं वाटून राह्यलं जणू. मंग घरघर थांबली… आम्ही गेलो… बद्री, जात्याचा खुटा तिच्या हातातच व्हता रे.

…

बद्री?… व्हय बाबा. आज पहाटं… न्हाई, तरास न्हाई झाला तिला… रड. मी फोन धरून हाय. रड तू.

…व्हय, थांबतील. म्या सांगितलं लोकायला, पोरगं आल्याबिगर उचलायचं न्हाई. तू आजची गाडी धर, सकाळी मी ठेसनावर उभा राहतो. गाडीबैल आणत न्हाई, आपण पायीच जाऊ.

पीठ?… हाय की. जात्याभोवती जसं पडलं तसंच हाय, मामीनं वरून परात पालथी घातली… पिंडाला?… न्हाई रे. मेलेल्यासाठी न्हाई दळलं तिनं ते. तुह्यासाठी दळलं. सुतकात त्या घरची चूल पेटायची न्हाई, तर माह्या घरी थापील मामी… उतरत न्हाई कसा घास? उतरवायचा. मी बसतो तुह्यापशी…

काय?… फोनचा टाइम झाला? अहो, जरा दम धरा, पोराची माय गेली… बद्री, जल्दी ऐक. त्या भाकरीतली अर्धी तू खाय. अन् मायच्या वाट्याची अर्धी… हॅलो?… बद्री?… हॅलो?…

मुनीमजी, आवाज गेला… हे कुठं ठेवायचं असतं?