हौसाबाईंना वेडी ठरवायचं नाही

नाही, फोन खाली ठेवा, परेश. पाहिला मी व्हिडिओ, दोनदा पाहिला. तुमची आई परसात चुलीपुढे बसून भाकरी थापतेय आणि चार वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याशी बोलतेय — बरं, मग? बिल्डरच्या कागदावर सही कर म्हटलं की म्हणते, "त्यांना इचारते, मंग सांगते." म्हणून ती वेडी? आणि तसं मी लिहून द्यायचं, म्हणजे सही करायला तुम्ही मोकळे — असंच ना? मग सरळ बोला ना, मघापासून काळजी काळजी काय लावलंय.

कोरोनात तुमच्या वडिलांना, काशिरामभाऊंना, ॲम्ब्युलन्समध्ये घातलं तेव्हा हौसाबाई कुठे होत्या? घरात. बाहेरून कडी — तुम्हीच लावलीत, त्यांना लागण होऊ नये म्हणून. तुम्हीच सांगितलंत मला मागच्या वेळी. त्यानंतर त्या माणसाचं तोंड नाही पाहिलं त्यांनी. चुकलात असं म्हणत नाही मी, तेव्हा सगळ्यांनीच काही ना काही केलं — पण जो गेलेला दिसलाच नाही, त्याच्याशी बोलणं थांबवायचं कधी? सांगितलंत तुम्ही त्यांना?

असं बघू नका माझ्याकडे. मी काय धुतल्या तांदळाची आहे? कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे, दुसऱ्या लाटेत हेल्पलाइनवर बसले. इथेच कामोठ्यात, बेडरूमचं दार लावून, कानाला हेडफोन. दम लागलेल्या माणसांना सांगायचे, दीर्घ श्वास घ्या — तसं लिहूनच दिलं होतं आम्हाला. पलीकडच्या खोलीत दिनानाथ, माझे मिस्टर, पॉझिटिव्ह. काही हवं असलं की भिंतीवर टकटक करायचे. त्या दुपारी लाइनवर एक बाई रडत होती, जीव द्यायचं म्हणत होती. टकटक झाली. मला वाटलं, चहा हवा असेल. पुन्हा झाली. मी — मी हेडफोनचा आवाज वाढवला. चाळीस मिनिटं. ती बाई शेवटी म्हणाली, "ताई, तुमच्यामुळे वाचले." मग मी उठून पलीकडे गेले.

हे तुम्हाला कशाला सांगतेय मी? ते गेल्यावर पंधराव्या दिवशी परत कामाला बसले, तर लोक म्हणाले, पद्मजा किती खंबीर. कॉलेज सोडलं, हेच समुपदेशनाचं काम धरलं. दिवसाला सहा-सहा माणसांना सांगते, मनातलं बोला, दाबून ठेवू नका. आणि त्यांचं नाव आज पहिल्यांदा तोंडातून काढलं — तेही कोणापुढे, तर तुमच्यापुढे. तुमची आई रोज नवऱ्याशी बोलते, पोटभर जेवते, शांत झोपते. मग आजारी कोण? लिहू का ते कागदावर?

नको, पाणी नको मला. उठा तुम्ही. असा दाखला द्यायचा मला अधिकार नाही, असता तरी दिला नसता. हौसाबाईंना गुरुवारी पाठवा. करंजाड्याहून रिक्षात बसवून द्या, येतील त्या एकट्या. तुम्ही नको. — काय बोलताय? त्या कडीचं? — नाही, ऐकायचं नाही मला. जा म्हटलं ना.