बिनचेहऱ्याची बाई

(बुऱ्हाणपूर. राजघाटाजवळच्या एका घराची गच्ची. तापीवरचं सकाळचं धुकं अजून हललेलं नाही. सासू सरुबाई कठड्याला टेकवलेल्या मोबाइलसमोर हात वर करून उभी. सून तृप्ती जिन्यातून नुकतीच वर आलेली.)

तृप्ती : आई! हे काय चाललंय?

सरुबाई : कसरत. सरक बाजूले, ती बाई दिसू दे.

तृप्ती : कोण बाई?

सरुबाई : मोबाइलातली. शेजारच्या मालतीनं लावून दिली माह्या गुडघ्यासाठी. इंदूरची कंपनी हाये म्हणे, घरबसल्या कसरत शिकवते. पण या बाईले तोंडच नाही.

तृप्ती : तोंड नाही म्हणजे?

सरुबाई : गळ्याखालची तेवढी दिसते. मागं सारं धुकंच धुकं. मले तं वाटते, ती जमिनीवर उभीच नाही, तापीच्या पाण्यावर उभी हाये. दुपारी डोळा लागला का सपनातही येते. केळीच्या मळ्यातून चालत जाते. पानं बाजूले होतात, पण आवाज नाही होत.

तृप्ती : भीती नाही वाटत तुम्हाला?

सरुबाई : घरातल्या माणसाची कशाची भीती?

तृप्ती : ...म्हणजे, तुम्हाला माहीत आहे?

सरुबाई : पहिल्याच दिवशी समजलं. कसरतीच्या आधी ती मान खाली घालून वाकते, जमिनीले हात लावते, उभी राहून कपाळाकडे नेते. मळ्यात पाय ठेवायच्या आधी आपण करतो तसं. लग्न होऊन आली तवा बांधावर मीच शिकवलं ना तुले?

तृप्ती : आदतच पडली, आई. चटईवर पाय ठेवताना हात आपोआप खाली जातो. आणि गंमत ऐका ना, कंपनीवाल्यांना वाटलं, ती पण कसरतच आहे! खाली लिहूनच टाकलं त्यांनी, ‘पहिली स्टेप : वाका, जमिनीला हात, मग कपाळाला.’ आता सगळ्याच बायका करतात. नागपूर, भोपाळ, कुठून कुठून मेसेज येतात, ‘दीदी, पहिल्या स्टेपनेच कमर हलकी वाटते.’

सरुबाई : फ्लॅटातल्या बायाही?

तृप्ती : हो ना! वरच्या मजल्यावर, फरशीला हात लावून.

सरुबाई : अगं माय! एवढ्या बाया रोज सकाळी आपल्या मळ्याच्या पाया पडू राहिल्या, अन् मळ्याले पत्ताच नाही.

तृप्ती : रागावला नाहीत?

सरुबाई : रागावली ना. मालतीकडे पापड करायले जाते म्हणे! एवढ्या धुक्यात पापड कोण वाळवते?

तृप्ती : तुम्ही नको म्हणाल, म्हणून. वाटलं, चेहरा नाही दाखवला तर कुणाला कळणार नाही. मालती फोन धरायची, मी तिच्या गच्चीवर करायची. पण आता कंपनी म्हणते, नवीन प्रोग्राममध्ये चेहरा पाहिजेच. आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय. नाहीतर दुसरी मुलगी घेतील.

सरुबाई : चंदन काय म्हणते?

तृप्ती : म्हणतात, ‘आईला विचार.’

सरुबाई : बायकोले नाही म्हणवत नाही, तं माय हायेच पुढं करायले.

तृप्ती : तुम्ही नाही म्हणालात तर सोडून देईन. पण मला मनापासून करायचंय हे, आई. धुक्यात उभी राहते ना, तेव्हा मी कुणाची सून नसते, कुणाची बायको नसते. बस, मी असते. आणि मग व्हिडिओ बघते तर त्यात मीच नसते. फार वाईट वाटतं, सच्ची.

सरुबाई : वामन भाऊजी बोलतील. गल्ली बोलेल.

तृप्ती : बोलतील.

सरुबाई : माह्या लग्नाचा फोटो पाहिला तू?

तृप्ती : पाहिलाय. हनुवटीपर्यंत पदर आहे तुमचा.

सरुबाई : चंदन लहान होता तवा विचारे, ‘यात आई कुठी हाये?’ मी बोट ठेवून दाखवू, ही साडी म्हणजे मी. फोटो काढताना पदराआड हसली होती मी. चांगली दिसली असेल का, आजवर नाही समजलं.

तृप्ती : आई...

सरुबाई : हो म्हण त्यांले. अन् मालतीकडे नको जाऊ, इथंच काढ. भाऊजीले मी पाहते.

तृप्ती : मग तुम्ही पण उभ्या राहा माझ्याबरोबर. गुडघ्याचीच कसरत करू. तुमच्या वयाच्या किती बायका बघतील!

सरुबाई : चल! मी अन् मोबाइलात?

तृप्ती : या ना. इथे, माझ्या बाजूला.

सरुबाई : धुकं फाटू राहिलं बघ. पल्याडचा काठ दिसायले लागला.

तृप्ती : बरंच झालं, उजेड पाहिजेच. चला, पहिली स्टेप.

सरुबाई : ती नको शिकवू मले.

तृप्ती : आई, वाकलात की पदर पुढे येतोय. चेहरा झाकला जातोय. राहू दे तसाच?

सरुबाई : राहू दे... नाही, थांब. खाली आरशाजवळ पिन हाये. आण.