तिवई आणि मोजणी

आमची रमा बाहेर कधी बोलणार, या काळजीनं आठवडाभर मला झोप नव्हती. पहिलीच्या बाई म्हणाल्या होत्या, "घरच्यांशिवाय कुणापुढं तोंडच उघडत नाही. डॉक्टरांना दाखवा." घरी तर तिचं तोंड मिटत नाही, गं!

शहाण्या आईनं डॉक्टर गाठला असता. मी रमाला घेऊन ताऱ्यांचे फोटो काढायला गडमुडशिंगीला, माहेरच्या शेतावर गेले. माझ्याकडं ट्रॅकर आहे, म्हणजे ताऱ्यांच्या चालीनं कॅमेरा हळूहळू फिरवणारं छोटं यंत्र. ते आधी ध्रुवताऱ्यावर रोखावं लागतं, आणि कॅमेऱ्याच्या तिवईला धक्का लागला की सगळं पहिल्यापासून. पाऊण तास खपून मी ते बसवलं, फोटो सुरू केला, आणि शेजारच्या रानातले आबा बॅटरी मारत आले.

"ओ पावणं, कुणाची मोजणी चाललीया ही?"

"मोजणी न्हाय आबा, ताऱ्यांचा फोटो काढतेय."

"फोटोला तीन पायांचं कशाला लागतंय? बांध सरकवायचा असंल तर दिवसा या की!"

असं म्हणत ते तिवई धरायला पुढं आले. त्या उजेडानं फोटो गेलाच होता, आता पाऊण तासही जाणार होता. माझ्यात भांडायचंही त्राण नव्हतं. तेवढ्यात माझ्यामागं लपलेली रमा पुढं झाली.

"ओ आबा, बॅटरी बंद करा की! आणि हात लावू नका त्याला. हललं की आई रडत बसती, आणि मला घरी जायला लई उशीर हुतो!"