ताईच्या समुद्राची मोटर

...नाही हो, मासे पाळायला माझी ना नाही, पाळा की! एक बरणी घ्या, एक मासा सोडा, चिमूटभर खाणं टाका, विषय संपला! पण आमची ताई, माझी सख्खी थोरली बहीण, दातांच्या डॉक्टरांना कवळ्या घडवून देते, तिला बरणी कुठली पुरायला? तिला समुद्र लागतो! दुसऱ्या मजल्यावर, बैठकीच्या खोलीत, सोफा काढून समुद्र! खारं पाणी, जिवंत प्रवाळ... त्यांना चुकून दगड म्हणालात तर चहा मिळत नाही. आणि खाली कपाटात एक छोटी टाकी, तिच्यात मोटर, ती पाणी वर चढवते, ते वरून परत खाली पडतं, पुन्हा वर, पुन्हा खाली, दिवसरात्र! का? ताईला विचारा. 'अरे, पाणी हलतं राहिलं पाहिजे! थांबलं की जीव गुदमरतात.'

आता गेल्या रविवारची गोष्ट. सकाळचे अकरा. ताई टाकीसमोर गुडघे टेकून बसलेली, कारण आत फरशीच्या एका तुकड्यावर पट्टेवाल्या माशांच्या जोडप्याने अंडी घातलेली. तिसऱ्यांदा! आधीच्या दोन खेपांना वाया गेली, तेव्हा ताईने दोन दोन दिवस डबा न उघडता घरी परत आणला होता. त्यामुळे या वेळी घरात मोठ्याने शिंकायचीही चोरी. आणि त्या जोडप्यात बायको ही एवढी धिप्पाड, नवरा हा एवढासा, पण अंडी सांभाळायची कुणी? नवऱ्याने! दिवसभर आपला पंखांनी वारा घालतोय. आमचे भाऊजी तिकडे बघतच नाहीत. म्हणतात, 'उगाच आमची पंचाईत.'

तर अकरा वाजता मोटर... गुर्रर... खर्रर... आणि गप्प!

मोटर थांबली, वरचं पाणी धो धो खाली, खालची टाकी भरून वाहिली, आणि चार बादल्या समुद्र फरशीवर! तुम्ही म्हणाल, लाटांची दुसरी मोटर नव्हती का? होती ना! पंधरा दिवसांपूर्वी बंद पडलेली. भाऊजी म्हणाले होते, 'उद्या बघतो.' आणि भाऊजींचा उद्या, तुम्हाला सांगतो, अजून कुठल्या कॅलेंडरात छापून आलेला नाही!

ताईने माशांच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणतो, 'मी परगावी आहे हो, मंगळवारी या.' 'मंगळवार? अहो, अंडी आहेत इथे!' 'मग घ्या!' 'मग काय घेऊ?' 'अहो मगच घ्या! आंघोळीचा मग! पाणी उचला, उंचावरून ओता, उचला, ओता... काही झालं तरी पाणी हलतं राहिलं पाहिजे!'

झालं! ताईच्या हातात मग, भाऊजींच्या हातात पातेली, मला फोन करून बोलावलं आणि दारातच तांब्या दिला, 'आलास? ओत!' भाऊजींची आई स्टुलावर बसून वाटीने. 'पंच्याहत्तरीत मला समुद्र ढवळायला लावलात गं!' असं म्हणायच्या, पण मी वाटी मागितली तर देईनात. 'तुझा हात जड आहे, तू लांबूनच ओत!'

तेवढ्यात बेल. दारात कोण? ओलकाका!

ओलकाका म्हणजे ताईच्या बरोब्बर खालचे. 'ओल आली, ओल आली' म्हणत काठीने छत ठोकतात म्हणून हे नाव. एकटेच राहतात. दोन वर्षांपूर्वी टाकी भरताना पाणी झिरपलं, तेव्हापासून दोघांत अबोला, नुसती चिठ्ठ्यांची देवाणघेवाण. 'कृपया गळती थांबवावी.' त्यावर ताईची, 'कृपया काठी थांबवावी.' आणि आज साक्षात उभे! अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, हातात कप.

'चहात पडलं!' काका कडाडले. 'थेट कपात! आणि मी प्यालो! खारट! अहो, कसलं पाणी आहे हे?'

आता दुसरी कुणी असती तर तिने माफी मागितली असती. ताईने काय करावं? काकांच्या हातातला कप घेतला आणि त्याच हातात आंघोळीचा मग दिला! 'काका, भांडण नंतर करू. आधी ओता. पाणी हलतं राहिलं पाहिजे!'

आणि काका ओतायला लागले हो! तीन मग ओतले, चार ओतले, मग भानावर आले. 'पण मी हे कशासाठी ओततोय?' ताईने नुसतं बोट दाखवलं. काका कुरकुरत वाकले, चष्मा काचेला टेकवला. आत तो एवढासा नवरा, कल्ले धापा टाकतायत, पंख दमलेत, पण अंड्यांपासून हलायला तयार नाही. काकांनी खांद्यावरचा टॉवेल कमरेला बांधला. म्हणाले, 'मोटर कुठाय?'

'तुम्हाला मोटरीतलं कळतं?'

'बाई, तीस वर्षं पंपघरात काढली मी! या अख्ख्या शहराला पाणी चढवलंय! आधी प्लग काढा.'

घ्या! दोन वर्षं ताई कुणाला चिठ्ठ्या लिहीत होती? पंपवाल्याला!

काकांनी मोटर उघडली. आतल्या चाकात शंखातली गोगलगाय अडकलेली, वर चुन्याचा थर. गोगलगाय जिवंत! ताईने तिला परत पाण्यात सोडलं. व्हिनेगरने चुना उतरवला. तरी चाक फिरेना. काका म्हणाले, 'शंखाने पात्याला कंगोरा आलाय. केसभर. एवढी बारीक कानस कुठून आणू?'

'केसभर?' ताईचे डोळे चमकले. 'काका, मी दिवसभर केसभरच घासते!' आणि पळत जाऊन घरी ठेवलेलं कवळ्या घासायचं छोटं यंत्र घेऊन आली.

ते दृश्य तुम्ही बघायला हवं होतं! दोन डोकी एकमेकांना चिकटलेली. 'अजून जरा...' 'एवढं?' 'हळू! हं... बास!' आम्ही तिघं आ वासून बघायला लागलो, तर दोघं एकदम ओरडले, 'थांबू नका! पाणी हलतं राहिलं पाहिजे!'

खालच्या टाकीतलं जास्तीचं पाणी काढलं, मोटर बसवली, प्लग लावला. काही नाही... ताईने माझं मनगट असं धरलं, अजून वळ आहे... आणि मग गुं गुं गुं! पाणी वर चढलं! ताई रडतेय, भाऊजींची आई टाळ्या वाजवतायत, भाऊजी पातेली घेऊन नाचतायत, आणि ओलकाका? बनियनला हात पुसत म्हणाले, 'आता चहा करा. गोड!'

गुरुवारी सकाळी पिल्लं! चिमटीत सापडणार नाहीत एवढी बारीक. ताईने ती वेगळ्या टबात काढली, त्यातली एकतीस आज पोहतायत. काका रोज भिंग घेऊन येतात. 'हा बघा, हा माझ्यावर गेलाय.' मोठी झाली की निम्मी काकांची, असं ठरलंसुद्धा. आणि ठेवणार कुठे? काल जाहीर केलं, 'मीही सोफा काढतोय! ताईच्या दुप्पट टाकी!' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या! मग घरी जायला निघालो. दुसरा मजला उतरलो, काकांचा पहिला उतरलो, तळमजल्यावर माझ्या दारात किल्ली घातली आणि... छताकडे बघत राहिलो हो!

आज सकाळी छत्री आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, 'एवढं ऊन पडलंय, छत्री कशाला?' म्हटलं, बाहेरचं सोडा हो... घरात लागणार आहे.