भाच्याचं मत

ऑपरेशन थिएटरच्या रखवालदाराचं लक्ष दाराकडे कमी आणि बाकावरच्या मावशी-भाच्याकडे जास्त होतं.

"तू देवाधर्मावर ब्लॉग लिहितोस ना रे?"

"हो मावशी. विद्यापीठातलं जड ज्ञान साध्या माणसांसाठी सोपं करून."

"मग साधंच विचारते. तुझे काका आत आहेत. देव ऐकतो का रे?"

"यावर दोन मतं आहेत. पहिलं असं, की…"

"ती दोन्ही राहू देत. तुझं काय?"

"आमच्यात स्वतःचं मत लिहायची पद्धत नाही."

"लिहू नकोस. कानात सांग."

भाचा तिच्या कानाशी वाकला.

"अरे, बोल की!"

"नऊ वर्षं दुसऱ्यांचीच मतं सोपी करतोय, मावशी. माझं कुठे ठेवलं, आठवतच नाही."

"आठव बाबा. डॉक्टर बाहेर यायच्या आत आठव."